रियाच्या लसीचा निःपक्ष अभ्यास

५ फेब्रुवारी
आज सकाळी उपकेंद्राच्या व्हरांड्यात जॉयसी सिस्टरने रियाला माझ्याकडून घ्यायला हात पुढे केले आणि ताईला म्हणाली, "मामाक सोडूक तयार नाय गो ही." त्या क्षणी माझं सगळं बदललं. आता पूर्वीचा ओंकार संपला.

रिया म्हणजे किशोरीताईची पोर. नऊ महिने पुरे झाले, म्हणून गोवराची लस. पण ताईच ऐन वेळी कचरली आणि सुई न देताच आम्ही परत आलो. मागच्या लसीला रियाला ताप आला होता, मांडीवर गाठ धरली होती, ताईच घाबरून रडत बसली होती. आईचं एकच, "हसत्याखेळत्या पोराक सुई कित्याक?" सुदेशभावोजी गोव्याला हॉटेलात कामाला. फोनवर म्हणाले, ओंकार शिकलेला आहे, त्यालाच बघू दे.

ठरलं. दोन्ही बाजू समजून घ्यायच्या. एकदम निःपक्ष. कॉलेज सोडलं म्हणजे डोकं सोडलं असं नाही. कॉलेजातल्या त्या लॅबच्या सरला एकदा दाखवायचंय... जाऊ दे.

८ फेब्रुवारी
पहिली बाजू. शेजारचे गणपतकाका म्हणाले, "आमका सगळ्यांका गोवर इलो. कोण मेलो?" आई हळूच म्हणाली, "तुमची धाकटी भयण." काका म्हणाले, ता वेगळा. तरी आईचं मत होतं तिथेच. रियाचा तो ताप तिने डोळ्यांनी पाहिला होता, काकांची बहीण फक्त ऐकली होती. हा पॉइंट चांगला आहे.

१२ फेब्रुवारी
दुसरी बाजू. इस्त्रीचा शर्ट. जॉयसीने सगळं समजावलं. लसीचा ताप दोन दिवसांत उतरतो. गोवर छातीत उतरला तर तसा उतरत नाही. "भीती वाटता ती खोटी नाय, ओंकार. ताईक हय घेवन ये, मी बोलतंय तिच्याशी." काय मन आहे! नावानं हाक मारली.

ताईला न्यायचं तर मी कशाला? म्हणालो, माझे डाऊट बाकी आहेत. म्हणाली, डाऊट इचार, पण पोराक थांबवू नको. ह्याच्यानंतरची लस थेट दीड वर्षाची, असंही म्हणाली. म्हणजे ही सुई झाली की तोवर उपकेंद्रात जायला कारणच नाही.

अभ्यासात घाई करू नये.

१९ फेब्रुवारी
पुन्हा गेलो. लस थंड पेटीतच का आणतात, ते विचारलं. म्हणाली, "ह्या तिसऱ्यांदा इचारतंस." म्हणजे लक्ष ठेवून आहे.

२४ फेब्रुवारी
ताई म्हणाली, तुझो अभ्यास पुरे, येत्या बुधवारी मी नेतंय तिका. डोकंच फिरलं. म्हणालो, मग मला विचारलं कशाला, करा तुमच्या मनाने. ताट सरकवून उठलो. आई मध्ये पडली. देवळात कौल लावू, देव सांगेल तसं.

मीच गेलो. गुरव म्हणाले, प्रश्न नीट सांग, देव होय-नाय इतक्याच सांगता. देवाला चिकटवलेली उजवी पाकळी पडली तर होय. मी प्रश्न दिला: दोन्ही बाजू पुऱ्या समजल्यावरच पुढे जावं काय? गुरवांनी हातातली पाकळी खाली ठेवली. म्हणाले, "ह्यो खंयचो प्रश्न?" पण गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली.

घरी सांगितलं, देव थांबायला सांगतो. शब्द वेगळे, अर्थ तोच. ताईने बुधवारचं जाणं रद्द केलं.

५ मार्च
खालच्या वाडीत दोन पोरांना गोवर. जॉयसी दमलेली दिसली. "रियाक कधी घेवन येतलंस?" म्हणालो, थोडंच राहिलंय. "काय रवला?" मी पुन्हा थंड पेटीचं काढलं. ती रागावली. पण राग काळजीशिवाय येत नाही.

निश्चय: येत्या बुधवारी रियाला न्यायचंच. मनातलंही त्याच फेरीत सांगायचं.

१२ मार्च
रियाला सर्दी, ताप. डोळे लाल. आज नको. पुढच्या बुधवारी नक्की.

१५ मार्च
कानामागून पुरळ उठलं. काका म्हणतात उष्णता. असेल.

१६ मार्च
जॉयसी घरी आली. किती दिवस वाट बघितली होती. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. रियाचं झबलं वर करून श्वास बघत राहिली. छाती आत ओढत होती. गाडी बोलावली. मग ताईला विचारलं, गो, लस कित्याक नाय दिलंस?

ताई म्हणाली, देवान थांबूक सांगल्यान.

ताई माझ्याकडे वळली. "देवाक काय इचारललंस? जसा इचारलंस तसाच सांग."

सांगितलं. तोंडातून निघताना मलाच तो प्रश्न कसला तरी वाटला.

ताई म्हणाली, "मी तुका रियासाठी इचारललंय. तू देवाक तुझ्यासाठी इचारलंस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उलटं बोलता आलं असतं.

मी दारात उभा. जॉयसी म्हणाली, "बाजूक हो, चेडवाक भायर न्हेवक दी." एवढंच.

गाडीत ताई, आई, जॉयसी. मी चढायला गेलो तर ताई म्हणाली, तू नको.

आत येऊन बसलो. रियाचं ओलं दुपटं खाटेवर तसंच आहे. तिचा श्वास कसा चाललाय कुणाला विचारू? फोन कुणी उचलत नाही. काका खिडकीतून विचारतात, काय झाला रे. काय सांगू.

बोलावलं नाही, तरी जातो. आत घेतलं नाही तर दवाखान्याबाहेर बसतो. चप्पल घातली. दार ओढून घेतो.