आजीच्या हातचं

५ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून मी आजी! लग्न नाही, मूल नाही — मधल्या पायऱ्या गाळून थेट बढती.

माझी भाची चैताली. तिकोणा पेठेला, भावाच्या शेतावर तिनं पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात. रस्त्यावर पाटी लावलीय — ‘आजीच्या हातचं, चुलीवरचं जेवण’. आणि स्वयंपाक करतो टाकव्याचा विक्की! अठ्ठावीस वर्षांचा, कानात बाळी. पाहुणे विचारायला लागले, आजी कुठे आहेत? म्हणून मला तळेगावहून बोलावून घेतलं. ‘आत्या, तू फक्त नऊवारी नेसून चुलीपाशी बस. कशाला हात लावू नकोस.’ हे शेवटचं अगदी मनापासून होतं. माझा चहासुद्धा कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. कंपनीत होते तोवर कँटीनमध्ये जेवले, घरी वहिनी होती. शिकायची वेळच आली नाही.

आणि कंपनीत काम काय होतं माझं? डब्यावर लिहिलंय तेच आत आहे ना, ते तपासायचं.

६ नोव्हेंबर

नऊवारी सुटली. नशीब, पाहुणे धरण बघायला गेले होते.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पाय मोकळे करायला जाते आणि पाट्या वाचते. जुनी खोड! शेजारचा रिसॉर्ट — ‘गर्दीपासून दूर! तीनशे माणसांची सोय’. त्याच्या पुढचा — ‘निसर्गाच्या शांततेत रात्रभर डीजे’. एक पाहुणा सरबताची बाटली ठेवून गेला, तिच्यावर हे मोठं ‘अस्सल करवंद’, आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात — यात फळाचा अंश नाही. नोकरीत असते तर अख्खी गाडी परत पाठवली असती.

चैतालीला म्हटलं, तर म्हणते, ‘आत्या, जाहिरात आहे ती. लोकांना माहीत असतं गं.’ माहीत असतं, तर आजी कुठे आहेत म्हणून का विचारतात? यावर ती फोन आला म्हणून आत गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

पुण्याच्या एका बाईंनी आज माझे हात हातात घेतले. ‘आजी, या हातांना चव आहे.’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. (पिठलं तिखट होतं म्हणूनही असेल.) मी हात काढून घ्यायला हवे होते. नाही काढले. इथं खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं!

पाहुणे गेल्यावर विक्की भांडी आवरता आवरता म्हणाला, ‘आत्या, पिटलं म्या केलं, भाकरी म्या थापली, आन चव तुमच्या हाताला व्हय?’ हसला. पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. मला जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर

चैतालीला सांगितलं, पाटीवर विक्कीचं नाव घाल. ‘अगं, विक्कीच्या हातचं खायला पुण्याहून कोण येईल? डिसेंबरपर्यंतची सगळी बुकिंगं आजीवर आहेत!’ विक्की दारातच उभा होता. त्यानं ऐकलं. माझ्या ताटातल्या आमटीत आज मिरची जास्त होती. गुमान खाल्ली.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगून टाकलं!

लोणावळ्याचे एक गृहस्थ आले होते. तीन भाकऱ्या खाल्ल्या, रस्सा परत परत मागून घेतला. मग माझ्याकडे वळून, ‘आजी, मसाल्यात काय घालता?’ मला काय ठाऊक! विक्कीकडे पाहिलं, तर तो मान खाली घालून चुलीतली राख सारत बसलेला. मला राहवेना. म्हटलं, ‘मला नका विचारू. सगळं या विक्कीनं केलंय. मला वरण-भातही धड येत नाही.’

चैतालीचा चेहरा पांढरा पडला. गृहस्थ मात्र उठले, विक्कीचा हात हातात घेतला, नाव-गाव विचारलं, नंबर घेतला. विक्की दिवसभर गुणगुणत होता. चैताली माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. मी आज पोटभर जेवले.

१९ नोव्हेंबर

चैताली बोलली. एकही बुकिंग रद्द नाही! उलट शनिवारी वीस जण येतायत. ‘बघ,’ म्हटलं. दोनदा म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

त्या गृहस्थांचा लोणावळ्यात रिसॉर्ट आहे. विक्की आज सकाळी तिकडे कामाला गेला. जाताना माझ्या पाया पडला. ‘आत्या, तितं पाटीवर माजं नाव लावणार हायेत. तुमच्यामुळं.’

चैताली कुठून कुठून फोन करतेय, उद्यासाठी आचारी मिळत नाही. उद्या वीस माणसं आजीच्या हातचं जेवायला येतायत, आणि त्यांना तेच मिळणार आहे.