दगडवाल्या मित्राकडे

चिमे,

रात्रपाळी करून आत्ताच डोळा लागलाय तुझा, म्हणून उठवलं नाही. मी परगावी चाललोय, उद्या संध्याकाळी येईन. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. तशीच उपाशी पळू नकोस.

ज्याच्याशी मी टपालाने उल्कापाषाणांची देवाणघेवाण करायचो, तो माझा मित्र गेला. सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, घरभर दगड आहेत. आकाशातले कुठले नि अंगणातले कुठले, मला काही कळत नाही. तुम्ही याल का?" मी हो म्हटलं. रोज संध्याकाळी मोबाइलमध्ये डोकं घालून कोणाशी बोलता, असं तू विचारायचीस ना? त्याच्याशीच. आम्ही एकमेकांना दगडांचेच फोटो पाठवले, त्याचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नाही. आता भिंतीवरच्या फोटोत बघेन.

कॅमेरा नेतोय. एकेका दगडाचा फोटो काढून खाली नाव लिहून देईन.

माझ्यामागे तुलाही कोणाला तरी बोलवावं लागेल. मी तुला त्याचाच नंबर देणार होतो. आता परत आलो की जरा माझ्या दगडांच्या कपाटासमोर बस, कुठला दगड कोणता ते तुलाच सांगून ठेवतो. फार वेळ घेणार नाही.

बाबा