शर्मिष्ठाताईंची गाडी

रविवार, २ नोव्हेंबर २०१४

दिवाळीचा फराळ संपायच्या आतच सामान बांधलं, धामणगावला गाडी धरली आणि आज दुपारी मी आणि निधी रायपूरला उतरलो. शिरीष फलाटावरच होता. नोकरीपायी वर्षभर इथे एकटा राहिलेला नवरा वाळला असेल असं मी धरून चालले होते, तर अंगाने चांगला भरलेला. मी तसं म्हटलंही. तो नुसता हसला.

स्टेशनाबाहेर मी रिक्षा शोधायला लागले, तर म्हणाला, "रिक्षा काहून? इकडे ये." आणि एका काळ्या, हत्तीएवढ्या गाडीसमोर नेऊन उभं केलं. निधीला वाटलं भाड्याची आहे. आपलीच आहे म्हटल्यावर पोट्टी आत चढून सगळ्या सीटांवर लोळली. चामड्याच्या सीटा, डोक्यावर उघडणारी काच, आणि दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. जुनी आहे, पण बड्या घरातली, शिरीष म्हणाला. यवतमाळला आम्ही स्कूटरवर तिघं बसायचो. मी पर्स मांडीवर ठेवून अगदी सरळ बसले होते, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. तेलीबांध्याला फ्लॅट आहे, गच्चीतून तलाव दिसतो. खूप दिवसांनी बरं वाटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घर लागलं. निधीची शाळा सुरू झाली. चार दिवसांतच ती बाईंशी बोलावं तसं माझ्याशीही हिंदीत बोलते. शिरीष सकाळी नव्या रायपूरच्या ऑफिसात जातो. रस्ते इतके रुंद आणि रिकामे, की गाडी आपोआप पळते म्हणतो.

आज गाडीच्या जुन्या मालकीण जेवायला आल्या होत्या. शर्मिष्ठाताई. चौबे कॉलनीत त्यांचं घर, शिरीष वर्षभर त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने होता. मूळ घराणं आपल्याकडचं, वर्ध्याचं, पण तीन पिढ्या इथेच. त्यांचे यजमान रणजित, सिलतऱ्याला लोखंडाचा कारखाना होता, दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी नुसतीच उभी होती, ती शिरीषला दिली. घरच्या माणसाला द्यावी तशी दिली, असं शिरीष दोनदा म्हणाला.

बाई बोलायला छान आहेत. साधी सुती साडी, कानात मोती, आवाज हळू. माझी भाजी आवडीने खाल्ली. जाताना शिरीषला म्हणाल्या, भाईसाहब, वांगं आता खायला लागलात का? माझ्याकडे तर ताटात एका बाजूला सारायचात.

म्हणजे तो जेवायला त्यांच्याकडे होता. मला मेसचा डबा सांगितला होता.

आणखी एक. गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटला एक बटण आहे. दाबलं की सीट आपोआप पुढे सरकते, उंच होते, आरसासुद्धा वळतो. ते माप शर्मिष्ठाताईंचं आहे. शिरीषने ते अजून पुसलेलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज थोडक्यात वाचलो. संध्याकाळी बाजारातून येत होतो, मी शिरीषच्या शेजारी, निधी मागे. मी त्याला त्या मेसच्या डब्याबद्दल विचारत होते, सहजच. त्याचं तेच, अगं त्यात लपवायचं काय होतं, मी सांगितलं असेल. तलावाजवळच्या सिग्नलला त्याने ब्रेक दाबला तर पाय थेट गाडीच्या तळाला टेकला. पुढे शहाळ्यांचा गाडा. शिरीषने हँडब्रेक ओढला आणि गाडी फुटपाथावर घातली. शहाळी रस्ताभर गडगडली. माणूस बाजूला उभा होता म्हणून वाचला.

जरा वेळाने पुन्हा पाय ठेवला, तर ब्रेक ठणठणीत. हळूहळू घरी आणली.

भैय्यालाल म्हणून शिरीषच्या ओळखीचा मिस्त्री आहे. त्याने पाइपात हवा धरली असेल असं सांगून जुनं ऑइल काढून नवीन भरलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आज शर्मिष्ठाताईंना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्या पुढे बसल्या, मी मागे. आपल्याच गाडीत मी मागे. त्यांचं आणि शिरीषचं बोलणं चाललं होतं, पावसाळ्यात तो तापाने पडला होता तेव्हाचं. ताप कसा उतरेना, रात्र रात्र पट्ट्या कशा ठेवल्या. मला या तापाची गोष्ट ठाऊकच नव्हती. तेव्हा फोनवर म्हणायचा, काम लई आहे, बोलायला वेळ नाही. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. उड्डाणपुलाच्या उतारावर शिरीष ओरडला, "ब्रेक लागून नाही राहिला." समोरच्या बसला घासत कठड्यावर गेलो. ताईंचं कपाळ फुटलं. त्याने आपला रुमाल काढून त्यांच्या कपाळावर धरला. मागे वळून मला लागलं का, ते नंतर विचारलं.

भैय्यालालने ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही बदलले. जुने दाखवले, त्यांत काही खराबी दिसत नाही म्हणाला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

गाडी तपासायची होती म्हणून आज ताई स्वतः आल्या. त्या आणि शिरीष नव्या रायपूरपर्यंत जाऊन आले. मी घरीच होते. आईचा फोन आला होता, गप्पांत वेळ कसा गेला कळलं नाही. शिरीष आनंदाने सांगत होता, एकदाही बिघडली नाही, भर वेगात दाबला तरी जागेवर उभी. ताईंचा हात मानते गाडी.

मी म्हटलं, मग त्यांनाच ठेवून घे ड्रायव्हर म्हणून. तो जेवला नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शर्मिष्ठाताई आज एकट्याच आल्या. शिरीष निधीला पोहायला घेऊन गेला होता. कपाळावर अजून पट्टी आहे. चहा घेतला नाही. म्हणाल्या, तुला एक सांगायचं आहे, वेड्यात काढू नको.

त्यांनी सांगितलं ते असं. रणजितरावांचं कारखान्याच्या ऑफिसातल्या एका बाईशी होतं. ताईंना ते कळलं त्याच महिन्यात गाडीचा ब्रेक पहिल्यांदा गेला. मग जातच राहिला. सगळे पार्ट बदलून झाले. जेव्हा जेव्हा ताई गाडीत बसून त्या बाईचा विचार करायच्या, तेव्हाच जायचा. त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही, सांगणार काय? एका दुपारी त्या गाडी चालवत कारखान्यात गेल्या. रणजितराव आणि ती बाई आवारात हसत उभे होते. ताईंनी ब्रेक दाबला. "मी दाबला होता गं," त्या म्हणाल्या, "दोन्ही पायांनी दाबला होता. बाई बाजूला झाली. ते नाही झाले."

त्या पुढे म्हणाल्या, आता माझ्या मनात कोणाबद्दल काही उरलंच नाही, म्हणून माझ्या हाती ती नीट चालते. मला वाटलं गाडीतलं ते गेलं. म्हणून दिली. त्या दिवशी पुलावर कळलं, गेलेलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. गाडी भंगारात काढा, एवढंच सांगून गेल्या.

शिरीषला सांगितलं तर त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बिचाऱ्यांच्या मनावर परिणाम झाला आहे, आपण त्यांना जास्त जपायला पाहिजे.

जास्त!

मी ठरवलं आहे. मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मी नसले की काही होत नाही. सोपं आहे.

शुक्रवार, ५ डिसेंबर

शिरीषला जगदलपूरला साइट पाहायची आहे. शर्मिष्ठाताईंच्या भाचीचा साखरपुडा तिथेच. त्या बसने निघाल्या होत्या, शिरीषने आग्रह करून गाडीत घेतलं. निधीला चित्रकोटचा धबधबा पाहायचा आहे. मी डोकं दुखतं म्हणून घरी थांबले. मी गाडीत नसणं हेच सगळ्यांच्या भल्याचं. ताईंनीही ते ओळखलं असावं, आग्रह केला नाही.

खाली सोडायला गेले होते. निधी पुढे, ताईंच्या मांडीवर. गाडी वळेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी —

शिरीषचा फोन. वाटेत चारामाजवळ ब्रेक अचानक मऊ पडला, रस्ता सपाट होता म्हणून निभावलं. कधी, ते विचारलं. सकाळी साडेदहाला.

साडेदहाला मी बाल्कनीत उभी होते. शेजारच्या बाईने विचारलं, तुमच्या मिस्टरांबरोबर गाडीत कोण होत्या, बहीण का? छान जोडा वाटला लांबून. मी कठडा धरून बराच वेळ तशीच —

मी गाडीत नव्हते. मी इथे होते.

शनिवार, ६ डिसेंबर

रात्रभर झोप नाही. शिरीषला फोन करून सगळं सांगितलं. गाडी तिथेच सोड, बसने या. तो चिडला. जगदलपूरच्या मिस्त्रीला दाखवली, सगळं ठीक आहे. म्हणाला, "ज्योती, तुले गाडीचं नाही, दुसरंच काही होऊन राहिलं."

खरं आहे. ते कसं थांबवायचं ते मला कोणी सांगत नाही.

येताना केशकालचा घाट उतरायचा आहे. जाताना चढ होता.

सकाळपासून स्वतःला कामाला लावलं. डाळी निवडल्या, पंखे पुसले. ताईंबद्दल चांगलं चांगलं आठवत राहिले. त्यांनी ताप पाहिला, त्यांनी जेवू घातलं. आठवता आठवता पुन्हा तिथेच जाते. जेवू घातलं. पट्ट्या ठेवल्या. कुठल्या खोलीत —

नको.

रविवार, ७ डिसेंबर

फोन आला. घाटाच्या वर चहाला थांबले आहेत. शिरीषची पाठ धरली आहे, गाडी ताई चालवणार. त्या माझ्याशी बोलल्या. बाजूला जाऊन बोलत असाव्यात, आवाज अगदी हळू होता. म्हणाल्या, "ज्योती, एकच विचारते. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही आहे का? असेल तर तसं सांग. मी इथून बसने जाते, पोरीलाही घेऊन जाते, भाईसाहबांना पण उतरवते. मला राग येणार नाही."

सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तिला सांगायचं? की मला तुझा — तिला? मी त्याची बायको असून?

मी म्हणाले, नाही हो ताई, माझ्या मनात काहीच नाही. हसलेसुद्धा.

त्या म्हणाल्या, बरं.

मग निधीने फोन घेतला. मम्मी, मौसी ने मेरी चोटी बनाई. मौसी के हाथ से दुखता ही नहीं. तुम खींचती हो.

फोन कट.

फोन करून राहिले. लागत नाही. घाटात रेंज नसते. शिरीषचा नाही, तिचा नाही. ताई थांबा, मी खोटं बोलले, एवढंच सांगायचं आहे. लागत नाही.

म्हणजे आता माझ्याच हातात आहे. मन ठिकाणावर ठेवायचं. घाट उतरायला असा किती वेळ लागतो. तेवढा वेळ. तेवढाच.

लिहीत बसते. लिहिलं की मन भरकटत नाही. बाहेर ऊन आहे. तलावावर माणसं फिरताहेत. त्या चांगल्या बाई आहेत. त्यांना मूल नाही. निधीच्या केसांतून हात फिरवला तर काय झालं. लेकरूच आहे. हळू विंचरत असतील, गुंता सोडवून, तेल लावून. निधी मान वाकवून बसली असेल, शिरीष पाहत असेल, तिघंजण मिळून —

नाही. मी आहे. आम्ही तिघंजण, मी, मी

थांब. थांब ना. दाब. दोन्ही पायांनी

शांत. काही नाही. झालं, गेलं. ऊन आहे. तलाव आहे.

फोन वाजतोय.

शिरीषचा नंबर नाही. कोणाचा तरी आहे, इकडचा नाही.

वाजू दे. आधी मन स्वच्छ करते, मगच उचलते. उचलला नाही तोवर काही झालेलं नाही. मला तिचा हेवा नाही. मला तिचा हेवा नाही. मला तिचा