दसऱ्यापर्यंतची मुदत

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार लिहिला आणि अडलो. पुढे प्रकृतीची चौकशी करायची असते. तुमची काय करणार?

आज लक्ष्मीपूजन. तुम्हाला जाऊन वर्ष झालं नाही, म्हणून यंदा आपल्याकडे दिवाळी नाही. पण संध्याकाळी आपल्या गल्लीतून गेलो तर आपल्या घराच्या ओट्यावर पणत्यांची रांग! सराफ्यातल्या शेटजींचा जावई राहायला आलाय. त्याची पोरं आपल्या पायरीवर फुलबाज्या पेटवत होती. एकानं मलाच विचारलं, "किससे मिलना है, भैया?" तसाच खोलीवर आलो आणि लिहायला बसलो.

अण्णा, बापूकाकांना जामीन राहून घर लिहून दिलंत, तेव्हा आईला एका शब्दानं तरी विचारायचं होतं! दुकान त्यांचं, कर्ज त्यांचं, आणि सही तुमची. "शेजारी आहे, शाळेपासूनचा आहे," एवढंच म्हणाला असाल. पाटणकर बाजारातलं ते कापडाचं दुकान बुडालं, आषाढात तुम्ही गेलात, आणि कर्ज देणाऱ्या शेटजींनी कोर्टातून घराच्या जप्तीचा हुकूम आणला.

आणि मी पडलो बापूकाकांच्या मुलीच्या, वत्सलेच्या नादी! आग्र्याचं कॉलेज अर्ध्यावर टाकून परत आलो. मग एकदा जेवताना म्हणालात, "आग्र्याला न मिळणारं शिक्षण शेजारी मिळतं वाटतं." आई हसली, मी पानावरून उठलो. रागावलो होतो, पण तुम्हाला कळलंय म्हणून बरंही वाटलं होतं.

घटस्थापनेच्या दिवशी जप्ती बजावणारा कोर्टाचा अमीन घर खाली करायला येणार असा निरोप आला. आदल्या संध्याकाळी वत्सला मागच्या दारानं आली, पदराखाली मातीनं भरलेली टोपली.

"काकू, घट बसवा. देव बसले की नवरात्रात त्यांना कोण उठवतो?"

"अगं, ह्यांना वर्ष झालं नाही. यंदा घट नाहीत आमच्याकडे. देवाला काय सांगू?"

"देवाला खरं सांगा. अमिनाला घट दाखवा."

आईनं रात्रभर विचार केला असावा. सकाळी पाहतो तर घट बसलेले, माळ बांधलेली, आणि आई देवापुढे कान धरून उभी.

अमीन आला. देवघरात डोकावला, घटात पेरलेलं धान्य पाहिलं आणि मागे सरला. म्हणाला, "माँजी, जवारे तो हमारे घर भी बोए हैं. दशहरे तक कौन उठाएगा?" गेला! मला वाटलं, जिंकलो.

मग मी धावत सुटलो. तुमच्या कचेरीतले स्नेही, ओळखीचे वकील, कोर्टाचे कारकून, कुणाला सोडलं नाही. पण जो तो सणात. कोर्टाला कुलूप, कचेरी बंद, साहेब सुट्टीवर. सगळ्यांचं एकच, "दसरा होऊ द्या." आम्ही देवाच्या आड लपून मुदत मागितली, अण्णा, आणि मिळाली ती नेमकी सुट्टीत! आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

दसरा झाला. दुसऱ्याच दिवशी अमीन हजर. आईनं घटातले अंकुर खुडून त्याच्या ओंजळीत घातले. त्यानं जोडे काढले, अंकुर कपाळाला लावून पगडीत खोवले, आणि त्याच हातांनी आपल्या घराच्या कुलपावर जप्तीची लाख ओतली. त्याला शिवी द्यायची की नमस्कार करायचा? मला अजून कळत नाही.

बापूकाका गल्लीच्या तोंडाशी उभे होते, डोकं खाली. माझं टाळकं फिरलं. काठी उचलून धावलो. आई ओरडली, "दिनू, हात खाली! ह्यांचा मित्र आहे तो!" काठी टाकली, पण वत्सलेनं पाहिलं. त्यानंतर ती माझ्याकडे बघत नाही. आईजवळ म्हणाली म्हणे, "तुमचं घर आमच्यापायी गेलं, काकू. त्या घरची सून कुठल्या तोंडानं होऊ?" बापूकाका तिच्यासाठी उज्जैनचं स्थळ बघताहेत.

आता नई सडकेवरच्या एका खोलीत आम्ही दोघं किरायानं राहतो. आई देव अजून पेटीतच ठेवते. म्हणते, "मांडले आणि पुन्हा कुणी उठवले तर?" सांगा ना, तुम्ही काय बोलला असतात?

तुमच्यावर फार चिडलो होतो, अण्णा. अजूनही आहे. तरी शब्द देतो. उद्या पाडवा. बापूकाकांकडे जाईन, त्यांच्या पाया पडेन. काठी उचलल्याची माफी मागेन, आणि वत्सलेला मागणी घालेन. घर नाही, डिग्री नाही, बोलणी करायला तुम्ही नाही. हाकलतील कदाचित. ती स्वतःच नाही म्हणेल, हे जास्त संभवतं. म्हणाली तर मुकाट्यानं त्यांचा जिना उतरेन. हात उचलणार नाही, आवाजही चढवणार नाही.

तुमचा,
दिनू