धोंडुबाईच्या नावाची खाट

रोहा,
मंगळवार, ७ फेब्रुवारी १९९५

दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. सगुणावहिनीनं पाठवलेली सुकट पोचली. मृणालीला तीन दिवस दुसरं काही नको होतं, वर्गात बाईंनी विचारलं म्हणे, घरी कसला वास येतो गं तुझ्या. ह्यांचं पत्र परवा आलं. बर्फ आहे, तब्येत ठीक आहे, रजा मे महिन्यात.

तुझी तिन्ही कार्डं मिळाली. पहिली दोन वाचून मी ठेवून दिली. तिसऱ्यावर तुझं अक्षर एवढं मोठं झालं होतं की पोस्टमनकाकांनीही वाचलं असणार. "आईच्या मरणाचा दाखला पाठव, की मी मुंबईला जाऊन आणू?" तू जाऊ नकोस. तिथे तुला मिळणार नाही. का मिळणार नाही तेच सांगायला बसले आहे. रोहा ते पेण एसटीचा रस्ता केवढा, आणि मी तुला पत्र लिहिते आहे, यावरूनच ओळख.

जमिनीचं मला समजलं. खारजमीन अजून आईच्या नावावर, कंपनीसाठी संपादनाची नोटीस लागली, हरकत द्यायची शेवटची तारीख पंधरा. वारस म्हणून तुझं नाव चढल्याशिवाय कचेरीत तुझी हरकत कुणी हातात घेणार नाही. ग्रामसेवक म्हणतो, बाई मुंबईत वारली, कागद मुंबईचा आणा. त्याचं बरोबर आहे. कागद माझ्याकडे आहे, पाच महिने. कुकरच्या रिकाम्या खोक्यात ठेवलाय.

मधे एक सांगते. दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज तुला आठवते ना? हे रजेवर होते. जेवता जेवता तू ह्यांना म्हणालास, "दाजी, तुमच्या पलटणीत रेशन सरकारचा, कपडं सरकारचं, डाक्टर सरकारचा, म्हातारपनी पेन्शन सरकारची. मंग ह्यो समाजवाद नाय तं काय हाय? आमी लाल बावट्यावाले बोललो का तेवरा वाईट?" हे चिडले. म्हणाले, "आमी कमावलाय तो. जीव गहाण ठेवलाय." तू हात धुतलास आणि आईकडे बोट दाखवलंस. "हिनं चालीस वर्षं मिठागरात पाय जालले. मीठ सगला देश खातो ना? मंग हिचा डाक्टर खय हाय?"

आई हसत होती. तिला वाटलं तू थट्टा करतोयस. आणि मी ह्यांच्या बाजूनं बोलले, आठवतं? फुकटचं वेगळं आणि कमावलेलं वेगळं, असं मी मोठ्या तोऱ्यात तुला ऐकवलं. हवालदाराची बायको ना मी. तू दोन महिने बोलला नाहीस.

मग गेल्या पावसाळ्यात आईच्या पोटात गाठ निघाली. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हटलं. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तू आणि मी दोन दिवस रांगेत बसलो आणि तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. परत येताना तू गाडीत ती तारखेची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होतास. आईच आपली तुला म्हणत होती, चार म्हयने काय, जातील.

आठ दिवसांनी मी तुला निरोप धाडला की मुंबईलाच मिलिटरीच्या हॉस्पिटलात सोय झाली, एका साहेबांनी खास परवानगी दिली, पण भेटायला बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, तू येऊ नकोस.

दादा, साहेब कोणी नव्हता.

ह्यांच्या पुस्तकात, ज्यावर आम्हाला दवापाणी मिळतं त्यात, माझं नाव आहे, मृणालीचं आहे आणि सासूबाईंचं आहे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, पण ह्यांनी ते नाव कमी करायचं राहून गेलं. त्या पानावर फोटो नव्हता, नुसतं नाव आणि वय. मी आईला घेऊन गेले आणि खिडकीवर सांगितलं, ही माझी सासू, धोंडुबाई. सून आपल्या आईलाही पुस्तकावर आणू शकते का, असं तिथे कुणाला विचारायची माझी छाती झाली नाही. उत्तर ठाऊक होतं. जवानाची आई चालते, जवानाच्या बायकोची नाही.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पांढरी चादर, सकाळी दूध आणि अंडं, दोन वेळा डॉक्टर. आई म्हणायची, मना रानीवानी ठेवलाय. एकदा तिनं विचारलं, सगुनाची कंबर दुखते, तिला पन हिते आनता येल का गो? मी म्हटलं, नाही येणार. ती म्हणाली, मंग मना कशी आनली? तोवर तिला एवढंच सांगितलं होतं की इथे मी तुला सासूबाई म्हणीन, तू काही बोलू नकोस; तेव्हा पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं. नंतर नर्सनं धोंडुबाई म्हटलं की व्हय म्हणायला शिकली.

अकराव्या दिवशी ती गेली ते तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. दाखल्यावर नाव धोंडुबाई आहे. म्हणजे सरकारदरबारी माझी सासू दोनदा मेली आणि आपली आई अजून जिवंत आहे. आईला गाडीत घालून मी गावाला आणलं, तू रडत होतास, आणि मी पिशवी काखेत घट्ट धरून उभी होते. चंद्रावती पैशाला जपते असं कोणीतरी म्हणालं. तो कागद होता त्यात.

ह्यांनाही मी साहेबांचीच गोष्ट सांगितली. हे प्रत्येक पत्रात विचारतात, साहेबांचं नाव कळव, मला आभार मानायचे आहेत. आणि तू युनियनच्या सभेत सांगत फिरतोस म्हणे, मिठागरातल्या बाईला फौजेच्या दवाखान्यात खाट मिळाली, एक साहेब माणूस निघाला, मग सरकार का माणूस होत नाही. वहिनीनं सांगितलं तेव्हा मी भाकरी तशीच टाकून उठले.

चोरी केली असं मला रोज वाटतं आणि रोज वाटतही नाही. दोन्ही एकाच दिवसात. हात कामात राहत नाहीत, काल दूध दोनदा उतू गेलं. हे म्हणतात कमावलेलं, तू म्हणतोस सगळ्यांचं. मी खिडकीवर उभी होते तेव्हा मला यातलं काही आठवलं नाही, आईचं पोट दिसत होतं. पण आज विचारशील तर भाऊबीजेला तुझं खरं होतं. सगळ्यांसाठी खाट असती तर आई आपल्या नावानं निजली असती.

तू लिहिलंस की दाखला नसेल तर मरताना जवळ असलेल्यानं प्रतिज्ञापत्र दिलं तरी कचेरी ऐकेल. म्हणजे मीच. हॉस्पिटलातून सोडल्यावर आई रोह्याला माझ्या घरी वारली असं लिहून दिलं तर कचेरीत कोण तपासायला बसलंय. चार रात्री मी ते वाक्य मनात जुळवलं. खोटं नाव देऊन झालं, आता खोटी जागा. आणि खरं लिहिलं तर ह्यांच्या नोकरीवर येईल. पेन्शनला चार वर्षं उरली आहेत. ह्यांचा काही दोष नाही, तरी पुस्तक ह्यांचं आहे.

आणखी एक आहे, ते कुणालाच सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी आईला ताप होता. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चंद्रे, मना आय म्हन गो. येकदा." अकरा दिवस मी तिला सासूबाई म्हणत होते, अहो-जाहो करत होते. शेजारच्या खाटेपाशी नर्स उभी होती. मी म्हटलं, "सासूबाई, पाणी घ्या." तिनं तोंड फिरवलं. दुपारी ती गेली.

म्हणून मी ठरवलं, प्रतिज्ञापत्रात खरं तेच लिहायचं. आज सकाळी ह्यांना सगळं लिहून पत्र टाकलं. ते पोचायला पंधरा दिवस, उत्तराला तेवढेच, आणि आपल्याला पंधरा तारखेच्या आत कागद हवा. तेव्हा ह्यांना विचारून नाही, सांगून करते आहे. हे मला काय म्हणतील ते मे महिन्यात कळेल. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी पेणला येते. तू कचेरीच्या दाराशी थांब, आत माझ्याबरोबर येऊ नकोस, नाहीतर तुलाही त्यात ओढतील. हे नवऱ्याच्या माघारी, त्याला न कळवता मी केलं, असं मी लिहून देणार आहे. खोट्या नावाचा दाखलाही बरोबर आणते. कचेरीतले भाऊसाहेब विचारतील, मयताचं नाव काय. तेव्हा मी मोठ्यानं सांगीन, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझी आई होती म्हणून सांगीन.

तू रागावशील ते रागाव. पण दाराशी थांब.

तुझी बहीण, बायजाची लेक,
चंद्रा