इस्त्री केलेला झेंडा

१९ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय धाकटे,

खूप आशीर्वाद. तू मावशीकडे निघून गेलीस त्याला दहा दिवस झाले. फोन उचलत नाहीस, म्हणून म्हटलं, कागदावर तरी भेटू. पत्र फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागतंच की!

इकडे सगळं ठीक. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. 'आपण जगाचे नागरिक' कार्यक्रमाला मिळालेली ढाल मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर विराजमान झाली आहे. येईल त्याला दाखवतात. शिपाईदादा म्हणतो, "बाई, हिला पुसून पुसून माझेच हात चकचकीत झाले." पोरं अजून झेंडा धरून म्हणायचं ते वाक्य घोकत फिरतात, 'हा माझा देश, आणि हे जग माझं घर.'

खिडकी मात्र शाळेत येत नाही. तीच गं, परदेशातून आलेली सहावीतली मुलगी. बाकही खिडकीपाशी आणि नजरही बाहेर, म्हणून पोरांनी तिचं ते नाव पाडलं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसापासून तिचा पत्ता नाही. सर्दीबिर्दी झाली असेल, अशी मी आठवडाभर स्वतःची समजूत घातली.

आता किती टाळू? तू कार्यक्रमासाठी देशोदेशीचे झेंडे रंगवत होतीस, तेव्हा ब्रश थांबवून म्हणाली होतीस, "ताई, तुझ्या देशाचा झेंडा धरशील का, असं त्या पोरीला एकदा विचार तरी. निदान तिचा अर्ज नीट वाच." आणि मी सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "तू रंग भर. मला अक्कल शिकवू नकोस." तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवलं.

परवा तिचा प्रवेशाचा अर्ज काढला. 'देश' या रकान्यापुढे नाव होतं, त्यावरूनच मी तिच्या हाती द्यायचा झेंडा ठरवला होता. त्याखाली 'मागच्या शाळेचा दाखला' यापुढे तिच्या वडिलांनी मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलंय, 'शाळा जाळली. आमच्याच देशाचे सैनिक.' आणि शेजारी लाल शाईत, माझ्या सुवाच्य अक्षरात, 'दाखला बाकी.' मी ते वाचून लिहिलं की न वाचता, देवाशपथ आठवत नाही. दोन्हींची लाज सारखीच वाटते.

काल त्यांच्या घरी गेले. वडील लाँड्रीत इस्त्री करतात, वरच्याच खोलीत राहतात. मला पाहून ते गडबडून उठले, एकुलती एक खुर्ची पुसून दिली. मग फळीवरून तो झेंडा काढून माझ्या हातात ठेवला. कडक इस्त्री, चार घड्या. म्हणाले, "शाळेची वस्तू आहे. माफ करा, परत करायला उशीर झाला."

माफी त्यांनी मागितली, धाकटे!

खिडकी भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, "बाळा, झेंडा नको असं का नाही म्हणालीस?" ती हळूच म्हणाली, "नको म्हटलं असतं तर शाळेतून नाव काढलं असतं ना?" आणि आम्ही सगळ्यात जास्त टाळ्या तिला दिल्या होत्या गं.

मी खाली जमिनीवर बसले आणि तिची माफी मागितली. उद्या वर्गात सगळ्या पोरांपुढे मी काय केलं ते सांगणार आहे. ढालीचं काय करायचं ते मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवावं, माझं नाव मात्र त्या कार्यक्रमाखालून काढायला सांगितलं आहे.

निघताना तिने जिन्यापर्यंत येऊन एकच विचारलं, "चित्रांच्या बाई आहेत ना शाळेत?" तू तिला नुसतं चित्र काढत बसू द्यायचीस, काही विचारायची नाहीस, हे तिच्या वडिलांनी सांगितलं. ती म्हणाली, "त्या असतील तर सोमवारी येईन."

मी 'आहेत' म्हणाले.

माझ्यावरचा राग राहू दे, तो मला मान्य आहे. सोमवारी साडेदहाला घंटा होते. त्या पोरीशी मी खोटंही बोलले असं होऊ देऊ नकोस.

तुझं न ऐकलेली,
ताई