न ठोकलेला पाट

चिरंजीव लंबूस, आजीचा आशीर्वाद.

अक्षर शेजारणीचं, टोमणे माझे. हे पत्र टपालात टाकू नकोस, असं तिला बजावलंय. कीव करून आलेला नातू मला नको.

हंगाम संपला, होडी किनाऱ्यावर ओढलीय. सुकाणूजवळची बैठक कुजली होती, म्हणून सुतार बोलावला.

"आजी, कुणाच्या मापाची करू?"

मी तुझी जुनी पँट पुढे केली.

"तो येणार आहे होय?"

"तू फळी काप. चौकशा नकोत."

काल बसून पाहिलं, तर माझे पाय लोंबकळतात रे! पुढच्या हंगामात होडी मलाच हाकायचीय, म्हणून पायांखाली पाट करून घेतला. सुतार तो ठोकायला लागला, तसा मी त्याचा हात धरला.

"सुटाच राहू दे. लंबू आला की उचलावा लागेल."

तुझी,
बुटकी आजी